हरकती मागवल्या, पुढे काय? कायद्याच्या मसुद्यावर ऑनलाइन मतं घेताना

युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये लोकांना ऑनलाइन एक साधा प्रश्न विचारला: वर्षातून दोनदा घड्याळं पुढे-मागे करायची पद्धत बंद करावी का? ४ जुलै ते १६ ऑगस्ट या मुदतीत ४६ लाख उत्तरं आली. आयोगाच्या आधीच्या कुठल्याच सल्लामसलतीला इतका प्रतिसाद मिळाला नव्हता. ८४ टक्के लोकांनी ‘बंद करा’ म्हटलं. सप्टेंबरात आयोगाचा प्रस्ताव आला, मार्च २०१९ मध्ये युरोपीय संसदेने २०२१ पासून पद्धत बंद करायला होकार दिला. मग तो प्रस्ताव सदस्य देशांच्या परिषदेत जाऊन पडला तो पडलाच. तिथली घड्याळं अजूनही मार्चमध्ये पुढे आणि ऑक्टोबरात मागे होतात.

त्यात त्या ४६ लाखांपैकी सुमारे ७० टक्के उत्तरं एकट्या जर्मनीतून आलेली, आणि सगळी मिळूनही युरोपीय संघाच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आतच. तेव्हा ते ८४ टक्के नेमके कशाचे, याचं सरळ उत्तर देता येत नाही.

तरीही मसुद्यावर मतं मागवली की पत्रकात पहिला आकडा छापतात तो ‘इतक्या लाख सूचना आल्या’ हाच. मला विचाराल तर या सगळ्या कामात सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा तोच. काम ठरतं ते दोन टोकांना: लोकांपुढे नेमकं काय ठेवलं, आणि आलेल्या सूचनेचं काय केलं हे लेखी सांगितलं का. मधलं पोर्टल उभं करणं त्या मानाने सोपं, आणि चर्चा मात्र सगळी पोर्टलचीच चालते.

एक कलम जवळून

समजा, घरभाड्याच्या कायद्याचा मसुदा आहे. त्यातलं कलम १४(२) असं: “भाडेकरूने जागा सोडल्यापासून ३० दिवसांच्या आत घरमालक अनामत रक्कम परत करील.” वाचायला अगदी सरळ.

‘अनामत वेळेवर मिळालीच पाहिजे’ अशा हजार सूचना आल्या, तरी मसुदा लिहिणाऱ्याच्या हाती नवीन काही लागत नाही. तेवढं त्याला आधीच पटलेलं असतं, म्हणून तर कलम आहे. पण एक जण लिहितो: जागा सोडली म्हणजे कोणती तारीख? सामान हलवलं ती, किल्ली दिली ती, की करार संपला ती? दुसरा लिहितो: विजेचं बिल दोन महिन्यांनी येत असेल तर ३० दिवसांत शेवटचं बिल हातात येतच नाही, मग मालक अंदाजाने जास्तच कापून ठेवणार. तिसरी विचारते: भाडेकरू मध्येच वारला तर पैसे कोणाला द्यायचे?

या तिघांमुळे कलम बदलतं. ‘जागा सोडल्यापासून’च्या जागी ‘किल्ली ताब्यात दिल्याच्या तारखेपासून’ येतं, थकीत बिलांपोटी किती रक्कम रोखता येईल आणि उरलेली कधी द्यायची याचं पोटकलम येतं, वारसाचा उल्लेख येतो. सल्लामसलतीची सगळी मांडणी करायची ती अशी तीन उत्तरं यावीत आणि आलेली ढिगाऱ्यात हरवू नयेत यासाठी. मसुद्यावरच्या सूचना म्हणजे मतदान नव्हे. उत्तर देणारे आपणहून आलेले असतात, ते कोणाचा नमुना नसतात, त्यामुळे ‘बाजूने इतके टक्के, विरोधात इतके’ हा तक्ता छापला की वाचणाऱ्याची फक्त दिशाभूल होते.

कधी विचारायचं

बहुतेक ठिकाणी मसुदा पूर्ण झाला, सगळ्या खात्यांच्या सह्या झाल्या, की मग हरकती-सूचना मागवतात. तोवर आत बसलेल्यांनी आपापसात इतकी देवाणघेवाण केलेली असते की एक शब्द हलवायचा तर सगळ्यांकडे पुन्हा जावं लागतं. म्हणून मग काहीच हलत नाही.

ब्राझीलने इंटरनेटवरच्या नागरी हक्कांचा कायदा करताना दोन टप्पे केले. २००९ च्या शेवटी पहिल्या टप्प्यात मसुदा नव्हताच. कोणते प्रश्न कायद्याने सोडवायचे आणि कोणत्या तत्त्वांवर, एवढंच चर्चेला ठेवलं. त्यातून मसुदा लिहून २०१० च्या एप्रिल-मे मध्ये तो कलमागणिक खुला केला, प्रत्येक परिच्छेदाखाली लोकांना लिहिता येईल असा. त्या मसुद्यात एक तरतूद होती: कोणी तक्रारीची नोटीस दिली की संकेतस्थळाने मजकूर काढायचा. यावर लोकांनी सडकून टीका केली. अशाने कोणीही नोटीस पाठवून नको असलेला मजकूर उडवील, हा मुद्दा पुन्हा पुन्हा आला, आणि तरतूद बदलून न्यायालयाच्या आदेशाची अट घातली गेली. कायदा व्हायला मात्र एप्रिल २०१४ उजाडलं. लोकांना विचारल्याने कायदा लवकर होतो असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

टप्पे पाडायला वेळच नसेल, तर निदान कोणती गोष्ट अजून ठरलेली नाही हे स्वच्छ लिहा. ‘कायदा आणायचा हे ठरलं आहे; मुदत ३० दिवस की ४५, दंड किती आणि अंमलबजावणी कोणाकडे, एवढं खुलं आहे’ असं सांगितलं तर लोक नाराज होतील, पण फसवले गेल्यासारखं त्यांना वाटणार नाही. ठरलेल्या गोष्टीवर मतं मागवणं हा या क्षेत्रातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात महागात पडणारा उद्योग आहे.

समोर काय ठेवायचं

इंग्लंडमधल्या ब्रेंट भागातल्या शाळा बंद करण्यावरून १९८५ मध्ये गनिंग खटला झाला. त्यातून चार कसोट्या निघाल्या, आणि तिथली न्यायालयं आजही त्याच लावतात. प्रस्ताव कच्चा असतानाच विचारावं. लोकांना विचारपूर्वक उत्तर देता येईल इतकी कारणं द्यावीत. पुरेसा वेळ द्यावा. आणि आलेली उत्तरं निर्णय घेताना मनापासून विचारात घ्यावीत. यातली दुसरी कसोटी २०१४ मध्ये लंडनमधल्या हॅरिंगे भागाच्या स्थानिक परिषदेला भोवली. गरीब कुटुंबांना स्थानिक करात मिळणारी सवलत कमी करायचा प्रस्ताव होता. लोकांना पाठवलेल्या पत्रातून असं भासत होतं की पैशाची तूट भरायचा हाच एक मार्ग आहे. कर वाढवणं, राखीव निधी वापरणं, दुसरा खर्च कमी करणं या पर्यायांचा विचार करून ते बाजूला ठेवले होते, पण त्यांचा उल्लेखच नव्हता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सल्लामसलत बेकायदा ठरवली. तेव्हा नाकारलेले पर्याय आणि ते का नाकारले, हे मसुद्यासोबत द्यायचंच.

बाकी कागद असे: मसुदा, साध्या भाषेतली टिप्पणी, आणि चालू कायदा व प्रस्तावित बदल शेजारी-शेजारी मांडलेला तक्ता. हा तक्ता सगळ्यात जास्त उघडला जाणारा कागद, आणि नेमका तोच बहुतेक वेळा नसतो. ‘कलम ७ मधील उपकलम (३) मध्ये “किंवा” या शब्दाऐवजी “आणि” हा शब्द दाखल करण्यात येईल’ एवढं वाचून मूळ कलम शोधायला जाणारा माणूस विरळा.

मसुदा स्कॅन करून टाकू नका. स्कॅन म्हणजे चित्र. त्यात शब्द शोधता येत नाही, मजकूर उचलून सूचनेत डकवता येत नाही, आणि अंधांसाठीचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथे मुकं होतं. मजकुराचं साधं वेबपान हवं, प्रत्येक कलमाला स्वतःचा पत्ता हवा, म्हणजे लोकांना एकमेकांना ‘हे कलम १४(२) बघ’ असा थेट दुवा पाठवता येतो. मुदत चालू असताना मसुद्यात दुरुस्ती करावी लागली तर जुनी प्रत तशीच ठेवून नवी वेगळ्या क्रमांकाने टाकायची. गुपचूप फाइल बदलली की निम्म्या सूचना जुन्या कलम-क्रमांकांवर येतात आणि जुळवताना नाकी नऊ येतात.

भाषेचं उदाहरण भारतातलंच घ्या. २०२० मध्ये पर्यावरण प्रभाव मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी आणि हिंदीत आला, तोही टाळेबंदीच्या काळात. दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करायला सांगितलं. भाषांतर शेवटच्या आठवड्यात आलं तर त्या भाषेतल्या लोकांसाठी मुदत एका आठवड्याचीच झाली. म्हणून मुदत मोजायची ती शेवटचं भाषांतर प्रसिद्ध झाल्यापासून. भारताच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणात किमान ३० दिवस सांगितले आहेत. पाच-सहा कलमांच्या दुरुस्तीला ते पुरतात, पण शंभर कलमांच्या नव्या कायद्याला नाही. संस्थांना सदस्यांची बैठक बोलवायची असते, सर्वांना मान्य होईल असा मजकूर करायचा असतो, आणि त्यातच महिना निघून जातो. मोठ्या मसुद्याला ६० ते ९० दिवस द्यावेत, सणासुदीचे दिवस त्यात धरू नयेत.

प्रश्न कसा विचारायचा

‘आपल्या सूचना येथे लिहा’ असा एकच मोठा चौकोन ठेवला तर भाषणं येतात. उलट ‘सहमत / असहमत’ची गोल बटणं ठेवली तर कारणं येत नाहीत. कलम १४(२) वर विचारायचं तर मी असं विचारीन: ‘३० दिवसांची मुदत कोणत्या परिस्थितीत पाळता येणार नाही? अशा वेळी काय करावं असं तुम्हाला वाटतं?’ या प्रश्नात ज्याच्याकडे अनुभव आहे त्याला बोलायला जागा आहे. ‘भाडेकरूंच्या हितासाठी ३० दिवसांची मुदत योग्य आहे असं आपल्याला वाटतं का?’ हा प्रश्न मात्र उत्तर आधीच सांगून टाकतो. ‘मुदत कमी करावी आणि उशिराबद्दल दंड असावा का?’ यात दोन प्रश्न एकात कोंबले आहेत, त्याच्या ‘हो’चा अर्थ कोणालाच लावता येत नाही.

सर्वसामान्यांसाठी सहा ते आठ प्रश्न पुरे. त्यांच्याखाली ‘कुठल्याही कलमावर’ लिहायची वेगळी सोय ठेवावी, कारण तुम्ही न विचारलेल्या गोष्टीतच खोट असायची शक्यता जास्त. भारताच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, मार्च २०१५ मध्ये इंटरनेट सेवांवर ११८ पानांचा कागद काढला आणि त्यात २० प्रश्न होते, सगळे तज्ज्ञांच्या भाषेत. स्वयंसेवकांनी त्यांची सोपी फोड करून तयार उत्तरांसह एक संकेतस्थळ उभं केलं, तेव्हा कुठे १० लाखांवर ईमेल गेले. सोपं करून सांगायचं काम सरकारने केलं नाही तर ते दुसरं कोणीतरी करतं, आणि ते करणारा आपली बाजूही त्यात घालतो.

एकमेकांना उत्तर द्यायची सोय असावी की नसावी, यावर वाद आहे. तैवानमध्ये २०१५ साली उबरवरून चर्चा घेतली तेव्हा ‘पोल डॉट इस’ हे साधन वापरलं. त्यात कोणीही एखादं छोटं विधान टाकतो, बाकीचे त्यावर सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ एवढंच नोंदवतात. उत्तर द्यायचं बटणच नाही, त्यामुळे हमरीतुमरीवर यायला वाव नाही. सारखं मत देणाऱ्यांचे गट संगणक नकाशावर दाखवतो, आणि दोन्ही गटांना पटणारी विधानं वर येतात. चालकांचा परवाना, प्रवाशांचा विमा, कर या मुद्द्यांवर असा समान धागा सापडला आणि पुढच्या नियमांत तो उतरला. पण हे साधन प्रश्न शोधायच्या टप्प्यावर चांगलं. ‘किल्ली ताब्यात दिल्याची तारीख’ असली दुरुस्ती एका ओळीच्या विधानांतून आणि तीन बटणांतून निघत नाही, तिला कलमाखालचा चौकोनच लागतो.

ओळख, नक्कल आणि खोटी नावं

नोंदणीसाठी सरकारी ओळखपत्र सक्तीचं केलं की बनावट सूचना कमी होतात, आणि सोबत खऱ्याही आटतात; विशेषतः ज्यांना मालकाची, अधिकाऱ्याची किंवा घरच्यांची भीती आहे त्यांच्या. कशाला किती ओळख लागते हे कामावर ठरतं. फिनलंडमध्ये २०१२ पासून ५०,००० सह्या सहा महिन्यांत जमल्या तर नागरिकांचा प्रस्ताव संसदेपुढे जातो. एस्टोनियात १,००० डिजिटल सह्यांवर संसदेला विषय हाती घ्यावा लागतो. तिथे आकड्याला कायदेशीर परिणाम आहे, म्हणून पक्की ओळख हवीच. मसुद्यावरच्या सूचनेत वजन युक्तिवादाला आहे. तिथे ईमेल किंवा मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक पुरे, आणि नाव प्रसिद्ध करू नका म्हणायची मुभा हवी.

आकड्याला महत्त्व दिलं की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. दूरसंचार आयोगाने २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या संकेतस्थळांना सारखं वागवावं या, नियमांवर मतं मागवली, जवळपास २ कोटी २० लाख आली. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी २०२१ मध्ये अहवाल दिला: त्यातली सुमारे १ कोटी ८० लाख बनावट. ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतून आलेली ८५ लाख एका बाजूची, आणि १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने खोटी नावं तयार करून एकट्याने पाठवलेली ७७ लाख दुसऱ्या बाजूची. कित्येक खऱ्या माणसांची नावं त्यांच्या नकळत वापरली गेली होती.

छापील साच्यातली सूचना आणि बनावट सूचना यांत मात्र गल्लत करू नये. संघटनेने दिलेला मजकूर हजार सभासदांनी स्वतःहून पाठवला तर ती हजार खरी माणसं आहेत, फक्त युक्तिवाद एक आहे. नोंद तशीच करायची: ‘मुद्दा १, पाठवणारे १,०००’. ट्रायच्याच पुढच्या फेरीत, डिसेंबर २०१५ मध्ये, फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून ‘फ्री बेसिक्स’ या, काही ठरावीक संकेतस्थळं फुकट दाखवणाऱ्या, आपल्या योजनेच्या बाजूने साचेबंद ईमेल पाठवून घेतले. ट्रायने कळवलं की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यांत नाहीतच. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला तो भेदभावाच्या दरांवर बंदी घालणारा.

तपासणी करताना शब्दशः सारखे मजकूर आधी एकत्र करा, मग थोडाफार फेरफार केलेले. कोणत्या मिनिटाला किती आल्या याचा आलेख काढा. रात्री तीन वाजता सेकंदाला पन्नास या वेगाने माणसं लिहीत नाहीत. संशयास्पद वाटलेली एकही नोंद पुसू नका, वेगळ्या खणात ठेवा आणि का ठेवली ते लिहा. हल्ली भाषा-मॉडेलकडून, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या एआयकडून, प्रत्येक सूचना वेगळ्या शब्दांत लिहून घेता येते, त्यामुळे नक्कल पकडायची ही रीत दिवसेंदिवस लंगडी पडत जाणार. त्यावर खात्रीचा उपाय एकच, आकड्याला बक्षीस न ठेवणं. निर्णय युक्तिवादावर होणार असेल तर एकच गोष्ट दहा लाख वेळा सांगून कोणाचा काय फायदा?

खासगीपणाचा एक धडाही ट्रायच्याच त्या १० लाख ईमेलांत आहे. पारदर्शकता म्हणून पाठवणाऱ्यांचे ईमेल पत्ते मजकुरासकट जसेच्या तसे जाहीर झाले, आणि जाहिरातबाजांना आयती यादी मिळाली. मजकूर प्रसिद्ध करा, संस्थांची नावं जरूर करा, व्यक्तींचे पत्ते-फोन काढून टाका. लोक सूचनेच्या पोटातही स्वतःचा फोन नंबर किंवा शेजाऱ्याचं नाव लिहून जातात, तेही तपासावं लागतं.

वाचायचं कोणी

हे काम आधी मोजलं जात नाही, आणि तिथेच बहुतेक सल्लामसलती कोलमडतात. साच्यातल्या वगळून १०,००० वेगळ्या सूचना उरल्या आणि एकेकीला चार मिनिटं धरली, तर ४०,००० मिनिटं झाली, म्हणजे सुमारे ६६७ तास. आठ तासांच्या दिवसाने एका माणसाचे ८३ दिवस, पाच माणसांचे १७. मुदत संपल्यावर दहा दिवसांत विधेयक मांडायची तारीख आधीच ठरलेली असेल, तर कोणीही वाचणार नाही हेही तेव्हाच ठरलेलं असतं.

वाचायची पद्धत साधी आहे. पहिल्या शंभर सूचना दोघांनी एकमेकांना न विचारता वाचायच्या आणि प्रत्येकीला कलम-क्रमांक व मुद्द्याचं नाव द्यायचं. मग ताडून बघायचं. जिथे नावं जुळत नाहीत तिथे मुद्द्याची व्याख्या ढिली आहे, ती घट्ट करायची आणि मगच पुढे जायचं. एका सूचनेत तीन मुद्दे असतील तर तीन नोंदी. नोंदवहीत रकाने पाच: कलम, मुद्दा, कोणत्या प्रकारच्या लोकांकडून (भाडेकरू, मालक, वकील, संस्था), आमचं उत्तर, झालेला बदल. शेवटचे दोन रिकामे ठेवून सुरुवात करायची, ते भरल्याशिवाय काम संपलं असं म्हणायचं नाही.

संगणकाकडून गोषवारा काढून घ्यायचा मोह होतो. सारखे मजकूर गोळा करायला, भाषा ओळखायला, कलमवार गठ्ठे पाडायला तो उत्तम. पण गोषवारा म्हणजे जे पुष्कळांनी म्हटलं ते, आणि भाडेकरू वारला तर काय हे एकीनेच विचारलेलं असतं; ती ओळ गोषवाऱ्यात टिकत नाही. उलटं करावं: जी सूचना कुठल्याच गठ्ठ्यात बसत नाही ती आधी माणसाने वाचावी.

कोण आलं नाही हेही बघायचं. उत्तरांत शहरी, शिकलेले, वेळ असलेले लोक जास्त असतात. घरभाड्याच्या कायद्यावर मालकांच्या संघटना वकील लावून लिहितात. खोली भाड्याने घेऊन राहणारा मजूर लिहीत नाही, आणि कायदा लागू होतो तो त्यालाच. रोज नोंदीतला तिसरा रकाना बघावा. दोन आठवडे झाले तरी एखादा गट दिसत नसेल तर मुदत उरली असतानाच फोन, छापील अर्ज, वस्तीतली बैठक यांची सोय करायची. ते बोलणं त्याच नोंदवहीत, त्याच रकान्यांत यायला हवं, नाहीतर ते वेगळ्या अहवालात जाऊन पडतं.

उत्तर द्यायची सक्ती

अमेरिकेत १९४६ च्या प्रशासकीय कायद्याखाली नियम अंतिम करताना महत्त्वाच्या हरकतींना कारणासह उत्तर द्यावं लागतं. न दिल्यास न्यायालय नियम रद्द करू शकतं, आणि करतं. दक्षिण आफ्रिकेत घटना न्यायालयाने २००६ मध्ये डॉक्टर्स फॉर लाइफ खटल्यात, संसदेच्या दुसऱ्या सभागृहाने लोकांना पुरेसं सामील करून घेतलं नाही म्हणून, दोन कायदे अवैध ठरवले. भारतातलं २०१४ चं धोरण सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकायला सांगतं, पण ते धोरण आहे, कायदा नाही. ते पाळलं नाही म्हणून विधेयक अडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मोबाइल कंपन्या विरुद्ध ट्राय या खटल्यात, नियम करताना सूचना मागवून त्यांचा विचार करायची पद्धत कायद्यानेच घालून द्यावी, असं संसदेला सुचवलं होतं.

ज्यांच्या हातात निर्णय आहे तेच बाहेर राहिले तर काय होतं, याचं उदाहरण आइसलंडचं. २०११ मध्ये २५ जणांच्या परिषदेने नव्या राज्यघटनेचा मसुदा लिहिता लिहिता इंटरनेटवर टाकला, फेसबुकवरून सूचना घेतल्या. ऑक्टोबर २०१२ च्या सल्लागार सार्वमतात दोन तृतीयांश लोकांनी तो आधार म्हणून स्वीकारावा असं सांगितलं. संसदेने तो मंजूर केला नाही. लिहिणाऱ्यांत आणि लोकांत दुवा उत्तम होता, लिहिणाऱ्यांत आणि संसदेत नव्हता.

उत्तर कसं द्यायचं? ‘सूचनेची नोंद घेतली’ हे उत्तर नव्हे. ‘मान्य: कलम १४(२) मध्ये किल्ली ताब्यात दिल्याची तारीख घातली’ किंवा ‘अमान्य: मुदत १५ दिवस केली तर बिलं हातात येत नाहीत’ अशी एक ओळ प्रत्येक मुद्द्याला. मुद्दे साधारण दोनशे-तीनशेच निघतात, सूचना कितीही असोत. तक्ता अंतिम मसुद्याच्या सोबतच प्रसिद्ध करायचा. सहा महिन्यांनी आला तर कोणी उघडत नाही.

सूचना लिहिणाऱ्यांसाठी थोडं

कलम-क्रमांक पहिल्या ओळीत. एका परिच्छेदात एकच मुद्दा. अडचण काय, ती कोणाला आणि कधी येते, आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत, या क्रमाने. पर्यायी मजकूर लिहून दिला तर तो स्वीकारला जायची शक्यता वाढते, कारण मसुदा लिहिणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं. संस्थेचा साचा वापरायचा असेल तर वापरा, पण वर स्वतःच्या अनुभवाच्या दोन ओळी घाला, म्हणजे ती वेगळी नोंद होते. शेवटच्या दिवसावर ठेवू नका, त्या दिवशी संकेतस्थळ हमखास रडतं.

मसुद्याची फाइल आणि पोचपावती दोन्ही उतरवून ठेवा. मुदत संपली की पान कधी काढलं जाईल याचा नेम नसतो. कायदा आल्यावर दोन्ही शेजारी ठेवून आपलं कलम वाचा आणि ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ हे शब्द कुठे आलेत ते शोधा. मालकाला बिलांपोटी किती रक्कम रोखता येईल हे ‘विहित’वर सोडलं असेल, तर तो आकडा कायद्यात नाही, नियमांत ठरणार आहे. नियमांचा मसुदा वेगळा निघतो, बातमीत येत नाही, आणि त्याच्या हरकतींची मुदतही वेगळी असते.